'तू जाशील तिकडे मी येईन' हे रूथ नक्की कोणाला म्हणाली? (बायबलचे मूळ शब्द आणि आपली नातीगोती)

सांजवारा

पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे, वसईत, आमच्याच चर्चमध्ये. मिस्सेतलं पहिलं वाचन माझ्याकडे आलंय. भाचीने उतारा स्वतः निवडला: रूथ, पहिला अध्याय. 'तू जाशील तिकडे मी येईन, तू राहशील तिथे मी राहीन. तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव.' पत्रिकेवरही हेच छापलंय, खाली दोन अंगठ्या.

सराव करताना मागची-पुढची वचनं वाचली आणि एकटीच हसत बसले. हे वाक्य नवरी नवऱ्याला म्हणतच नाही! सून सासूला म्हणते. तीही विधवा, सासूही विधवा. दुष्काळ पडला म्हणून नामी नवरा आणि दोन मुलांसह बेथलेहेमहून मवाब देशात गेली. मुलांनी तिथल्या मुली केल्या. दहाएक वर्षांत तिन्ही पुरुष मेले. नामी परत निघाली तेव्हा तिने सुनांना सांगितलं, पोरींनो, आपापल्या आईच्या घरी जा. अर्पा रडली, सासूचा मुका घेतला आणि गेली. रूथ गेली नाही.

आमच्या फादरांना विचारलं. ते म्हणाले, 'गेली नाही' याला मूळ हिब्रूत जे क्रियापद आहे ते दावाक, म्हणजे चिकटणं. आणि हाच शब्द उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात येतो: पुरुष आईबापांना सोडून आपल्या स्त्रीशी जडून राहील. म्हणजे लिहिणाऱ्याने नवरा-बायकोचा शब्द उचलून सासू-सुनेला दिला.

तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. वाचनाआधी दोन मिनिटं प्रस्तावना करायला परवानगी आहे. तर जाणकारांनो, बायबलच्या मूळ भाषांत नात्यांचे असे आणखी कुठले शब्द आहेत? आणि मुख्य म्हणजे ते आपल्या मराठीत कसे सांगाल? प्रवचनाच्या मराठीत नको. माझी आई पहिल्या बाकावर बसणार आहे, तिला कळेल अशा मराठीत.

चिंचोका

वाचतोय. सासूला असं म्हणणारी सून म्हणजे चमत्कारांच्या यादीत पाण्याचा द्राक्षारस दुसऱ्या नंबरावर गेला.

लोदकरीण

सांजवारा, धाग्यासाठी खास लॉग-इन केलं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे अलिबागजवळचे. आता मी इस्राएलमध्ये लोदला असते. घरात आजीपर्यंत मराठी, बाहेर हिब्रू.

'दावाक' जिवंत आहे. इथे शाळेच्या दप्तरात जो गोंद असतो तो 'देवेक'. त्यामुळे माझ्या मुलाला रूथची गोष्ट वाचून दाखवली तर त्याच्या डोळ्यांसमोर फेविकॉल येतो, आणि माझ्या मते बरोबरच येतो.

पण मला त्याहून आवडतं ते दुसऱ्या अध्यायातलं. रूथ शेतात सरवा वेचायला जाते, शेताचा मालक बवाज तिच्याशी चांगलं वागतो. ती म्हणते, मी परकी असून तुम्ही माझी दखल का घेतलीत? हिब्रूत 'दखल घेणं, ओळखणं' आणि 'परकी' हे दोन शब्द कानाला एकाच घराण्यातले लागतात: 'लेहाक्किरेनी' आणि 'नोख्रिया'. ही कोटी इतर भाषांत हरवते. मराठीत फुकटात मिळते. मी अनोळखी, तरी तुम्ही माझी ओळख ठेवलीत!

आणि ती खरंच परकी होती बरं. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नका असा नियम आहे. गोष्टीतही तिला पुन्हा पुन्हा 'मवाबी रूथ' म्हणतात, नुसतं रूथ म्हणून भागण्यासारखं असतं तिथेही. चौथ्या अध्यायात बवाज पंचांपुढे तिच्याशी लग्न करतो म्हणून जाहीर करतो तेव्हासुद्धा 'मवाबी'. तीन वचनं पुढे लग्न होतं, तिथे मात्र फक्त 'रूथ'. त्यानंतर ते विशेषण परत येत नाही. आडनाव गळून पडावं तसं.

ग्रीकांत

लोदकरीण, वा! आता नव्या कराराकडून माझी भर. पुण्यात दोन वर्षं हौसेने ग्रीक शिकलो. पोटापाण्याला उपयोग शून्य, पण आज दिवस उगवला.

१. भाऊ = 'अडेल्फोस'. फोड केली तर 'डेल्फुस' म्हणजे गर्भाशय, आणि पुढचा 'अ' इथे नकाराचा नाही, 'एकाच'चा आहे. एकाच उदरातला. आपला 'सहोदर' शब्दशः हाच. प्रेषित पौल रोम आणि करिंथच्या लोकांना पत्रं लिहिताना पानोपानी 'अडेल्फॉय' म्हणतो. त्यात गुलाम होते, व्यापारी होते, यहुदी होते, ग्रीक होते, आणि एकाचंही उदर एक नव्हतं.

२. हा खास आईसाठी. उधळ्या मुलाच्या दाखल्यात मुलगा परत येतो, बाप त्याला लांबूनच पाहतो, तिथे मराठी बायबल म्हणतं, 'त्याला त्याचा कळवळा आला.' ग्रीक क्रियापद आहे 'स्प्लांग्ख्निझोमाय'. उच्चार करताना दात सांभाळा. 'स्प्लांग्ख्ना' म्हणजे आतडी. बापाचं आतडं तुटलं! चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही तोच शब्द. इंग्रजीवाल्यांना इथे तळटीप द्यावी लागते, आपल्याला कशाला हवी?

३. 'कोइनोनिया'. चर्चमध्ये 'पवित्र आत्म्याची सहभागिता' ऐकता ना, तीच. पण लूकच्या पाचव्या अध्यायात याकोब आणि योहान हे शिमोनाचे 'कोइनोनॉय' आहेत, म्हणजे मासेमारीच्या धंद्यातले भागीदार. जाळं फाटलं तर दोघांचं फाटणार, मासळी लागली तर वाटणी होणार. पौल तर यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेल्या पैशालाच कोइनोनिया म्हणतो. 'सहभागिता' म्हटलं की मला सतरंजीवर बसलेले लोक दिसतात. 'भागीदारी' म्हटलं की ओली होडी दिसते.

फलाणा

'एक्लेसिया' राहिलं की. मराठी बायबलात 'मंडळी'. (कॅथलिकांत 'ख्रिस्तसभा'.) आणि आमचे आजोबा आजीला 'मंडळी' म्हणायचे. 'आमची मंडळी माहेरी गेलीय.' लहानपणी एका ख्रिस्ती मित्राच्या घरी 'ख्रिस्त मंडळीवर प्रीती करतो' असं ऐकलं, तेव्हा मला वाटलं, त्यांचं लग्न झालं होतं तर!

ग्रीकांत

फलाणा, हसू नका, इफिसकरांच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात नेमकी हीच उपमा आहे, ख्रिस्त वर आणि मंडळी वधू. तुम्ही लहानपणी धर्मशास्त्र बरोबर लावलंत.

बाकी 'एक्लेसिया' मुळात देवाधर्माचा शब्दच नव्हता. ग्रीक शहरातल्या नागरिकांची सभा, एवढंच. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ पाहा: इफिसच्या नाट्यगृहात लोक जमून दोन तास अर्तमी देवीच्या नावाने ओरडतात, त्या गर्दीलाही तोच शब्द. आणि हे पुस्तक लिहिणारा लूक खवचटपणे लिहितो की आपण कशासाठी जमलो हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं. आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा.

शंकासूर

रंगात आलाय धागा, पण माझ्या नावाला जागून थोडं पाणी ओततो.

शब्दाची फोड म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. 'उपवास' म्हणजे जवळ राहणं. उप + वास. म्हणून एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणारा माणूस मनात 'मी जवळ राहतोय' असं म्हणतो का? अडेल्फोस म्हणताना पौलाला गर्भाशय आठवत असेल याला पुरावा काय? जेम्स बार नावाच्या अभ्यासकाने १९६१ मध्ये या खोडीवर सबंध पुस्तक लिहिलं आणि बायबलच्या पंडितांची झोप उडवली.

प्रवचनांतलं लाडकं उदाहरण घ्या. 'अगापे' म्हणजे देवाचं निःस्वार्थ प्रेम, 'फिलिया' म्हणजे मैत्री, 'एरोस' म्हणजे वासना. तीन डबे, तीन झाकणं. आता जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर उघडा, सेप्टुअजिंट. २ शमुवेल १३. अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, बळजबरी करतो. त्याला तिच्याबद्दल जे वाटत होतं त्याला तिथे शब्द कुठला? अगापे. योहान म्हणतो माणसांनी उजेडापेक्षा अंधारावर प्रीती केली, तिथलं क्रियापदही अगापेचंच. आणि पित्याचं पुत्रावरचं प्रेम सांगताना तोच योहान तिसऱ्या अध्यायात एक क्रियापद वापरतो, पाचव्यात दुसरं.

डबे चांगले असतात, पण भाषा फडताळात राहत नाही.

सांजवारा

बाप रे. अगापेवर मी स्वतः दोनदा बायबल वर्गात बोललेय, डब्यांसकट. 🙈

लोदकरीण

शंकासूर, मान्य. पण एक फरक करा. 'उपवास' शब्दात आपल्याला 'जवळ' ऐकू येत नाही. 'देवेक'मध्ये मला चिकटणं ऐकू येतं, रोज. काही शब्दांची मुळं मेलेली असतात, काहींची ओली.

ओल्या मुळाचं उदाहरण देते, जरा झोंबणारं. हिब्रूत नवऱ्याला 'बाअल' म्हणतात. अर्थ: मालक, धनी. घराचा मालक 'बाअल बायित', तसाच बायकोचा. बायबलकाळापासून आजपर्यंत, माझ्या ऑफिसातल्या सगळ्या बायका 'बाअली' म्हणतात. माझी आजी मराठीत 'आमचे मालक' म्हणायची, आणि इथे आल्यावर तिला हा एक शब्द वेगळा शिकावाच लागला नाही.

आता होशेय संदेष्टा, दुसरा अध्याय. देव इस्राएलला म्हणतो: त्या दिवशी तू मला 'ईशी' म्हणशील, 'बाअली' म्हणणार नाहीस. 'ईश' म्हणजे पुरुष, माणूस. माझा माणूस! अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वी. अर्थात बाअल हे परक्या दैवताचंही नाव होतं, त्याचा वास तोंडाला नको हे कारण तिथे आहेच. पण आजही इथे काही बायका मुद्दाम 'ईशी' म्हणतात, त्यांना होशेयचं बळ मिळतं.

चिंचोका

म्हणजे 'मालक' ते 'आमचे हे' ते 'अरे ऐक ना'. आमच्या घरात तीन पिढ्या लागल्या.

सातबारा

निवृत्त तलाठी. धर्म वेगळा, पण रूथचं पुस्तक मी एकदा रेल्वेत कोणीतरी दिलं म्हणून वाचलं होतं आणि चौथा अध्याय वाचून थक्क झालो. ते प्रेमाचं पुस्तक नाही, ते फेरफाराचं पुस्तक आहे!

नामीच्या नवऱ्याची जमीन. वारस नाहीत. बवाज गावाच्या वेशीत दहा वडीलधारे बसवतो आणि आपल्यापेक्षा जवळच्या भाऊबंदाला विचारतो, तू सोडवून घेतोस का? तो आधी हो म्हणतो. मग कळतं की जमिनीबरोबर मेलेल्याच्या विधवेची जबाबदारीही येते, होणारं मूल मेलेल्याच्या नावावर लागणार. लगेच मागे सरतो: माझ्या वतनाचं नुकसान होईल. आणि पायातली वहाण काढून देतो. वहाण म्हणजे त्यांचं हक्कसोडपत्र. स्टँप ड्युटी नाही, दुय्यम निबंधक नाही.

आपल्याकडेही हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ मध्ये वाटेकऱ्याला आधी विचारा असं आहे, पण विधवेचं काय हा प्रश्न त्या कलमात येत नाही. या सोडवणाऱ्याला त्यांच्यात काही खास शब्द आहे म्हणे?

लोदकरीण

'गोएल'. जमीन गेली तर सोडवून आणणारा, भाऊबंद कर्जापायी गुलाम झाला तर त्याला सोडवणारा (लेवीय, अध्याय २५). खून झाला तर सूड घेणाराही तोच, 'गोएल हद्दाम', रक्ताचा गोएल. म्हणजे नातं हे भावना नव्हतं, ड्यूटी होती. पुढे यशया संदेष्टा देवालाच गोएल म्हणतो आणि मराठीत त्याचा 'उद्धारक' होतो. उद्धारक आकाशातून येतो. गोएल चुलत्याच्या घरातून येतो.

आणि तो मागे सरलेला भाऊबंद! त्याचं नाव काय माहितीये? बवाज त्याला हाक मारतो, 'ये रे, पलोनी अलमोनी, इथे बस.' म्हणजे अमक्या-तमक्या! गावातल्या माणसाला नावाने नाही का बोलावणार? पण लिहिणाऱ्याने नाव गाळलं. ज्याने मेलेल्याचं नाव राखलं नाही त्याचं नाव राहिलं नाही. आणि हिब्रू 'पलोनी', अरबी 'फुलान' हे सख्खे. त्या अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला तो 'फलाणा'. तर आमच्या धाग्यावरचे फलाणा साहेब बायबलात आहेत, पण भूमिका जरा...

फलाणा

आयडी बदलायचा अर्ज कुठे करतात?

ग्रीकांत

शंकासुराच्या भीतीने दबकत दोन गोष्टी.

'अब्बा'. अरामी शब्द, ग्रीक मजकुरात तसाच ठेवलेला, फक्त तीनदा: मार्कच्या शुभवर्तमानात, आणि रोमकर व गलतीकर यांना लिहिलेल्या पत्रांत. प्रवचनांत सांगतात की हा तान्ह्या पोराचा बोबडा शब्द. याचंही खंडन त्याच जेम्स बारने केलं, १९८८ मध्ये: मोठी माणसंही बापाला अब्बाच म्हणत. मराठीला यात वाद घालायचं कारणच नाही. 'बाबा' दोन वर्षांचं पोरही म्हणतं आणि पन्नाशीचा मुलगाही.

आणि रोमकरांच्या पत्रात अब्बाच्या शेजारीच 'ह्युओथेसिया' येतो, मराठीत 'दत्तकपणा'. नव्या करारात पाचच वेळा, पाचही पौलाकडे. आज दत्तक म्हटलं की अनाथाश्रमातलं बाळ आठवतं. रोममध्ये दत्तक बहुधा मोठा पुरुष असे, आणि प्रश्न असे वारशाचा. सीझर मेला आणि त्याच्या मृत्युपत्रामुळे ऑक्टेव्हियन त्याचा मुलगा ठरला तेव्हा तो १८ वर्षांचा होता. पौल दोनच वचनांनी पुढे म्हणतो: मुलं आहोत तर वारसही आहोत. ज्यांच्या इतिहासात सातारा (१८४८) आणि झाशी आहे, 'दत्तक नामंजूर' हे दोन शब्द ऐकून ज्यांचे कान तापतात, त्यांना हे रोमन माणसाइतकंच कळायला हवं. दत्तक मंजूर, हीच त्या वाक्यातली बातमी.

शंकासूर

हे पटलं. इथे तुम्ही फोड सांगितली नाहीत, वापर सांगितलात.

सांजवारा

मला एका शब्दासाठी मदत हवीय, त्याशिवाय प्रस्तावना होणार नाही. 'हेसेद'. फादर म्हणाले की रूथमध्ये तीनदा येतो आणि पुस्तकाचा कणा तोच. स्तोत्र १३६ मध्ये सव्वीसच्या सव्वीस वचनांत. आपण 'कारण त्याची दया सनातन आहे' म्हणतो तिथे. पण दया वरून खाली येते ना? भिकाऱ्यावर दया. सुनेने सासूवर दया केली म्हटलं तर सासू ताट भिरकावेल.

ग्रीकांत

सेप्टुअजिंटवाल्यांनीही बहुतेक ठिकाणी 'एलेओस', म्हणजे दयाच केलं. तुम्ही एकट्या नाही अडकलात.

मुक्ताई_केडगाव

पहिल्यांदाच लिहितेय. माझं बालपण केडगावात गेलं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं ते तिथेच, साध्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याच्या जरा आधी काम संपलं. संस्कृतात मुरलेली बाई सोपं मराठी शोधत बसली होती, त्यामुळे सांजवाराताईंचा प्रश्न जुनाच आहे.

माझा प्रयत्न: माया? निष्ठा? इमान?

लोदकरीण

माया जवळ आहे, पण माया आपोआप वाटते. हेसेद करावा लागतो. हिब्रूत 'हेसेद करणं' असंच क्रियापद आहे. आधी नातं किंवा शब्द दिलेला असतो, मग वेळ येते, आणि कोणी बघत नसताना, कायद्याने बंधन नसतानाही माणूस त्याला...

चिंचोका

जागतो.

मिठाला जागणं, शब्दाला जागणं. नात्याला जागणं.

सातबारा

+१. ठेवा हा शब्द.

सांजवारा

चिंचोका!! इतका वेळ नुसते विनोद करत होतात.

सांजवारा

(महिन्याने) झालं लग्न. वाचनाआधी सांगितलं की हे शब्द सून सासूला म्हणतेय, आणि अख्ख्या पुस्तकात 'प्रेम करणं' हे क्रियापद एकदाच येतं, तेही शेवटी, शेजारणी नामीला म्हणतात तेव्हा: तुझ्यावर प्रेम करणारी ही सून तुला सात मुलांहून बरी. चर्चमध्ये हशा आणि मग एकदम शांतता. शिवाय रूथ-बवाजच्या बाळाचं नावही शेजारणींनीच ठेवलंय. आपल्याकडच्या नावं ठेवतात, त्यांनी एकच ठेवलं, ओबेद.

आईला 'नात्याला जागली' कळलं, तिने मान हलवली. पण जेवताना भाचीची नवी सासू माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, 'ती दुसरी सून, परत गेलेली, तिचं काय हो झालं? तिला कोणी काही म्हणत नाही.' मला उत्तर देता आलं नाही. कोणाला माहीत आहे?

लोदकरीण

पुस्तकात ती पुन्हा येत नाही. नंतरच्या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, मात्र तिला सोडलं नाही. 'ओरेफ' म्हणजे मानेची मागची बाजू, म्हणून अर्पा म्हणजे सासूला पाठ दाखवणारी.

शंकासूर

बघा. फोड!

लोदकरीण

हो, या वेळी तुमच्या बाजूने. कारण मूळ मजकूर वेगळंच सांगतो. पहिल्या अध्यायाचं आठवं वचन उघडा. पुस्तकात 'हेसेद' पहिल्यांदा येतो तो तिथे. वाटेत नामी दोघींना एकत्र म्हणते: तुम्ही मेलेल्यांशी आणि माझ्याशी जसा हेसेद केलात, तसा परमेश्वर तुमच्याशी करो. दोघींना. अर्पा माहेरी निघण्याच्या आधीच ते म्हणून झालं होतं.

सांजवारा

थांबा, त्यांना फोन लावते.